‘रॅडिकल स्कॅव्हेंजिंग’साठी मराठी शब्द

सुरंगी :
वेंगुर्ल्याजवळच्या एका महिला बचतगटाने आपली आमसुले प्रयोगशाळेत तपासून घेतली असून त्या अहवालाचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘एकूण फिनॉलिक घटक’ हा रकाना निभावला, परंतु ‘डीपीपीएच रॅडिकल स्कॅव्हेंजिंग’, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले आक्रमक रेणू निष्प्रभ करण्याची क्षमता, येथे मी अडले. अशा रेणूसाठी ‘मुक्त मूलक’ पाठ्यपुस्तकांत रूढ आहे, म्हणून पुढे ‘निर्मूलन’ जोडले, तर अध्यक्षबाईंनी विचारले, “आमच्या सोलांत मूळव्याधीचं औषध सापडलं काय?” जाणकारांनी कृपया शब्द सुचवावा.

माजघर :
‘मार्जन’ घ्यावे. संमार्जनी म्हणजे केरसुणी, हे घरोघरी ठाऊक नसले तरी देवळातल्या सडा-संमार्जनामुळे शब्द कानावर असतो. कोणी ‘सफाई’ सुचवण्याआधीच सांगून ठेवतो की तो अरबी-फारसीतून आलेला आहे आणि शास्त्रीय लेखनात तो मला चालणार नाही.

परीक्षानळी :
मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून आधी नळीत काय घडते ते सांगते. डीपीपीएच हा स्वतःच एक मुक्त मूलक असून मिथेनॉलमध्ये त्याचे द्रावण गडद जांभळे दिसते. त्यात आमसुलाचा अर्क घालून साधारण अर्धा तास अंधारात ठेवले की अर्कातले पदार्थ त्या मूलकाच्या एकट्या इलेक्ट्रॉनला जोडीदार मिळवून देतात, जांभळा रंग उतरत पिवळट होतो आणि किती उतरला ते ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला यावरून कळते. म्हणजे झाडून काहीच बाहेर जात नाही, रेणू तिथेच राहतो, त्याची आक्रमकता तेवढी शमते. म्हणून ‘मूलक-शमन’. पित्तशामक औषधामुळे ‘शमन’ कोणालाही कळते.

जाता जाता एक सूचना. आमसुलाचा लाल रंग ज्या अँथोसायनिनांमुळे येतो, तीही ५१७च्या आसपासच प्रकाश शोषतात. डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचे वाचन घेऊन ते वजा केले आहे का, हे सुरंगीताईंनी प्रयोगशाळेला अवश्य विचारावे, अन्यथा चांगले लालभडक आमसूल अहवालात उगीच दुबळे ठरेल.

खारवी :
‘शमन’ पुस्तकी वाटते. दाणे टिपतात, शाई टिपतात, डोळे टिपतात. ‘मूलक टिपणे’ म्हटले तर बचतगटातल्या कोणाही बाईला ते विचारावे लागणार नाही. मुळात ‘मूलक’ तरी काय आहे? संस्कृतात मूलक म्हणजे मुळा, आणि इंग्रजीतही मुळ्याचा व रॅडिकलचा शब्द ‘मूळ’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून आलेला आहे. तेव्हा ‘मुक्त मूलक’ म्हणजे मोकाट सुटलेला मुळा!

माजघर :
विनोद बाजूला ठेवूया. परीक्षानळी यांनी इतक्या काटेकोर विवेचनात ‘अर्क’ कसा वापरला, याचे मला नवल वाटते. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य किंवा रुई. आपण म्हणता तो अर्क अरबी ‘अरक’वरून, म्हणजे घामावरून, आला आहे. ‘निष्कर्ष’ हा परिभाषेतला शब्द उपलब्ध आहे.

परीक्षानळी :
आणि अहवालाच्या शेवटी ‘निष्कर्ष’ हे शीर्षक असतेच. ‘मिथेनॉली निष्कर्षाच्या चाचणीचे निष्कर्ष’ असे वाक्य विद्यार्थ्यांच्या वह्यांत वाचून माझे डोळे दुखले आहेत. अरबीतून आला म्हणून शब्द परका ठरत असेल, तर आपल्या माजघराचा दरवाजाही काढून ठेवावा लागेल, कारण तो फारसी आहे.

खारवी :
आमच्याकडे तर माणूसही अर्क असतो.

आगरवाट :
मला हरकत वेगळ्या कारणासाठी आहे. अर्क ऊर्ध्वपातनाने काढतात; ओव्याचा अर्क हे त्याचे नेहमीचे उदाहरण. सोले मिथेनॉलमध्ये भिजवून गाळली तर तो अर्क कसा? दुसरे, आपल्याकडे अर्क ही पिण्याची वस्तू आहे. मिथेनॉल विषारी असून त्याने दृष्टी जाते, जीवही जातो. ‘आमसुलाचा अर्क गुणकारी’ असे वाचून लोकांना वाटणार की आगळासारखे काहीतरी बाटलीत मिळते. ‘सत्त्व’ लिहिले तर याहून वाईट, कारण गुळवेलीचे सत्त्व लोक पोटात घेतातच.

सुरंगी :
हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण अहवालातल्या ओळी पाकिटावर छापण्याचा गटाचा विचार आहे. आयसी ५० या रकान्यातला आकडा जितका लहान तितके बळ अधिक, हे समजावताना माझी दमछाक झाली. अध्यक्षबाईंना मोठा आकडा हवा आहे.

परीक्षानळी :
पाकिटावर आकडा छापूच नये. निम्मे मूलक शमवायला किती मात्रा लागली एवढेच तो सांगतो, तेही नळीतल्या मूलकाबद्दल. सोलकढी प्यालेल्या माणसाच्या शरीरात काय होते याबद्दल नाही. अशाच प्रकारच्या ओरॅक चाचणीच्या आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपला तक्ताच संकेतस्थळावरून काढून टाकला. ‘एकूण फिनॉलिक घटक’ हा रकाना निभावला असे आपण म्हणता, पण तिथेही जपून. त्या चाचणीत वापरायच्या फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मकाचा, म्हणजे रसायनाचा, निळा रंग क जीवनसत्त्वानेही येतो, आणि सगळी मोजणी गॅलिक आम्लाच्या तुलनेत होते. ‘गॅलिक आम्ल समतुल्य’ हे शब्द गाळू नयेत.

माजघर :
‘अभिकर्मक’ वापरल्याबद्दल आभार. ‘अर्क’बाबत माझा आक्षेप कायम आहे.

सुरंगी :
मूळ प्रश्न मागेच राहिला, पण मजकूर उद्या द्यायचा असल्यामुळे सध्या ‘मूलक-शमन’ लिहिते. अर्काच्या जागी ‘मिथेनॉलमध्ये उतरवलेले द्रावण’ असे केले आहे.

आगरवाट :
ताई, ‘उतरवलेले’ काढा. आपल्याकडे माडावरून उतरवतात ती माडी.

खारवी :
आणि दृष्ट. ‘टिपणे’ अजूनही मोकळेच आहे.