नॅस्टर्शियमचा वेल: खत आणि आधार
नॅस्टर्शियमच्या वेलाला पाने भरपूर आहेत पण फुले येत नाहीत, तर खत वाढवावे, अशी एक सूचना या वेलाविषयीच्या चर्चेत आली; ती मला पटत नाही. नॅस्टर्शियमला नत्रयुक्त, कसदार माती मिळाली की ते पानांतच रमते, त्यामुळे मध्यम कसाची, निचरा होणारी माती आणि ऊन त्याला पुरेसे असते. बी १ ते १.५ सेंटिमीटर खोल, थेट कायमच्या जागी पेरावे, हा चर्चेतला दुसरा सल्ला मात्र अगदी योग्य.

चर्चेत राहून गेलेला मुद्दा आधाराचा आहे. या वेलाला तणावे (आधाराला गुंडाळणारे दोऱ्यासारखे धागे) नसतात. पानांचे देठच आधाराभोवती वळसा घेतात आणि जाड बांबूला तो वळसा घालणे त्यांना जमत नाही, म्हणून वेल वर चढवायचा असल्यास बारीक तार, सुतळी किंवा जाळी द्यावी. टांगत्या कुंडीतून खाली सोडल्यास (माझ्या मते तो तसाच अधिक शोभतो) आधाराची गरजच उरत नाही.