रणगाडे की सही? मॉस्कोने पूर्व युरोप कशाच्या जोरावर ताब्यात ठेवला

रानपाखरू:
सोव्हिएत संघाची पूर्व युरोपवरची पकड म्हटली की सगळ्यांना १९६८ला चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये घुसलेले रणगाडे आठवतात. माझ्या मते रणगाडे काढावे लागले म्हणजे पकड आधीच सुटली होती. खरा खेळ आतली माणसं हाताशी धरण्याचा. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रातिस्लाव्हात सोव्हिएत आणि चेकोस्लोव्हाक नेत्यांची बैठक चालू असताना बिलाक आणि आणखी चौघा चेकोस्लोव्हाक कम्युनिस्ट नेत्यांचं ‘मदतीला या’ असं सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हच्या नावाचं पत्र रशियनांना पोचवलं गेलं. कुठे, तर सार्वजनिक शौचालयात! स्वारीचं आवतण घरातूनच. पोलंडमध्येही १९८१ला मार्शल लॉ लावला तो तिथल्याच जनरल यारुझेल्स्कीने, पोलिश फौज वापरून.

खडूस_काका:
आवतण नसतं तर आले नसते होय? फौजा उन्हाळाभर सरावाच्या नावाखाली सीमेवर घुटमळत होत्या. पत्र म्हणजे कागदोपत्री सोपस्कार.
हंगेरी घ्या. १ नोव्हेंबर १९५६ला पंतप्रधान इम्रे नॉजने वॉर्सा करारातून (मॉस्कोच्या लष्करी गटातून) बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. संरक्षणमंत्री मालेतेर रशियन छावणीत सैन्यमाघारीची बोलणी करायला गेला, त्याला ३ तारखेच्या रात्री तिथेच उचलला. पहाटे रणगाडे बुडापेस्टमध्ये. १९५८ मध्ये दोघांना फाशी. एवढं पाहिल्यावर यारुझेल्स्कीला वेगळं सांगायची गरज होती का?

तिसरी_घंटा:
तेल विसरलात दोघंही. ‘द्रुझ्बा’ (मैत्री! नाव तरी बघा) पाइपलाइनने १९६० च्या दशकापासून पूर्व युरोपला रशियन तेल यायचं. १९७३ नंतर जगात भाव भडकले, यांना मात्र बरीच वर्षं स्वस्तात. नळ त्यांच्या हातात, पण बिलाचा मोठा वाटाही त्यांच्याच खिशातून.

रानपाखरू:
तेलाचं पटलं. काका, रोमानियाचं काय? १९५८ मध्ये रशियन फौज तिथून गेली. तिथला नेता चाउशेस्कूने ६८च्या स्वारीचा जाहीर निषेध केला, तरी त्याच्यावर चाल नाही. कारण पक्षाची मूठ आवळलेली होती. आणि रणगाडेच पुरेसे होते तर चेकोस्लोव्हाक पक्षप्रमुख दुब्चेक आणि त्याच्या सहकाऱ्यांना मॉस्कोला नेऊन फौजा राहू देणाऱ्या करारावर सही कशाला घेतली?

खडूस_काका:
रोमानियाचा मुद्दा चांगला आहे, त्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही. सहीचं मात्र सांगतो. मॉस्कोला नेलेल्या त्या शिष्टमंडळातल्या फ्रान्तिशेक क्रीगेलने सही केलीच नाही. फौज तरीही १९९१ पर्यंत राहिली. आणि १९८९ला सोव्हिएत नेता गोर्बाचेव्हने रणगाडे बराकीत ठेवले, तेव्हा तुमची हाताशी धरलेली माणसं किती महिने टिकली?