प्रति: डीएलएल मिसिंग

वर दोघातिघांनी लिहिलंय की विंडोजवर जुना गेम सुरू करताना डीथ्रीडीएक्स९_४३ मिसिंग असा मेसेज आला तर ती डीएलएल (गेमला लागणारी, डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमधली फाइल) कुठूनतरी उतरवून विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाका. नका हो असं करू. मी टाकली, मेसेज जसाच्या तसा, मग वैतागून तीच फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली तर ज्याच्या नंबरच्या शेवटी ७बी असतं ते एरर आलं (३२ आणि ६४ बिटच्या फाइलींची गल्लत झाली की येतं ते), म्हणजे आगीतून फुफाट्यात. ६४ बिट विंडोजमध्ये नावांचा घोळ आहे, सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि जुना ३२ बिट गेम बघतो सिसवाऊ६४ या दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि मी उतरवलेली डीएलएल निघाली ६४ बिटची!

आणि विंडोजमध्ये नवीन डायरेक्टएक्स १२ आहे म्हणून भागेल असंही नाही, या जुन्या डीएलएल विंडोजसोबत येतच नाहीत. मायक्रोसॉफ्टचा जून २०१० वाला डायरेक्टएक्स रनटाइम (या जुन्या डीएलएल बसवणारं पॅकेज) घ्या. फक्त तो आधी नुसता फोल्डर विचारून फाइली मोकळ्या करतो, आपल्याला वाटतं झालं इन्स्टॉल, पण त्या फोल्डरमधलं डीएक्ससेटअप वेगळं चालवावं लागतं. माझा अर्धा रविवार तिथेच गेला.