मदत हवी आहे: 1919 ते 1922 मधले रुपया-पौंडाचे महिनावार दर कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

घरातली जुनी पत्रं आणि हिशोबाच्या वह्या यांची एक छोटी पुस्तिका करतेय, नातेवाइकांपुरती. त्यात एक गाठ अडली आहे.

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ 1919 च्या शेवटी इंजिनिअरिंग शिकायला लंडनला गेले. पणजोबा साताऱ्याहून मुंबईच्या एका बँकेमार्फत त्यांना ड्राफ्ट पाठवायचे. घरात सगळे ऐकत आलोय की धाकट्याने तिकडे पैसा उडवला, दुसऱ्या वर्षी दुप्पट मागितला आणि त्यापायी मळा गहाण पडला. भावाभावांचं बोलणं तुटलं ते कायमचं.

आता वही मोडी जाणणाऱ्यांकडून वाचून घेतली. फेब्रुवारी 1920 ची नोंद: पौंड 50, रुपये 380 आणे 15. मार्च 1921 ची: पौंड 50, रुपये 774 आणे 3. म्हणजे मागणी पन्नास पौंडांचीच होती, एका पौंडानेही वाढली नव्हती! हे वाचून मला रडू आलं.

मग जमेल तेवढं वाचून काढलं. 1893 मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, आणि चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या फाउलर समितीनंतर रुपया 1 शिलिंग 4 पेनींवर बसवला. शिलिंगाचे 12 पेनी, पौंडाचे 240 पेनी, म्हणून पौंडाला 15 रुपये. पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाव जवळपास हललाच नाही. पणजोबांच्या डोक्यात तोच पंधराचा भाव पक्का असणार.

युद्धात चांदी कडाडली. रुपया म्हणजे एक तोळ्याचं नाणं, बारापैकी अकरा भाग चांदी. नाणं वितळवून जास्त पैसे मिळायला लागल्यावर सरकारला रुपयाचा दर चढवत नेणं भाग पडलं: ऑगस्ट 1917 ला 1 शिलिंग 5 पेनी, एप्रिल 1918 ला 1 शिलिंग 6, मे 1919 ला 1 शिलिंग 8, सप्टेंबरात 2 शिलिंग, डिसेंबरात 2 शिलिंग 4. चलनावरच्याच बॅबिंग्टन स्मिथ समितीने तर सोन्याच्या हिशोबात 2 शिलिंग हाच कायमचा दर ठेवा म्हणून सांगितलं (कागदी पौंड तेव्हा सोन्याच्या मानाने घसरला होता, म्हणून प्रत्यक्ष पौंडात हा दर याहून चढा पडे). समितीतले एकमेव भारतीय, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल, यांनी वेगळं मत नोंदवून जुन्या 1 शिलिंग 4 पेनींचाच आग्रह धरला. त्यांचं ऐकलं असतं तर किती घरं वाचली असती, असं राहून राहून वाटतं.

दर टिकवायला सरकारने 'रिव्हर्स कौन्सिल' विकायला काढली: इथे रुपये भरा, लंडनला पौंड घ्या. पण उचल इतकी झाली की सप्टेंबर 1920 मध्ये विक्री थांबवावी लागली. 1921 मध्ये रुपया 1 शिलिंग 4 पेनींच्याही खाली गेला. याच काळात डॉ. आंबेडकर लंडनला शिकत होते आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध 1923 मध्ये छापून आला. आमचे धाकटे पणजोबाही त्याच शहरात, त्याच दरात भरडले जात होते.

पुस्तिकेत मला हे मोघम लिहायचं नाही. त्या दोन महिन्यांचे मुंबई-लंडन दर छापील स्वरूपात कुठे मिळतील? आणि बँकेचा ड्राफ्टचा भाव जाहीर दरापेक्षा वेगळा असायचा का?

प्रतिसाद 1

ताई, दर तुमच्या वहीतच आहे. 50 पौंड म्हणजे 12,000 पेनी. त्याला 380 रुपये 15 आण्यांनी भागा, रुपयाला साडेएकतीस पेनी येतात, म्हणजे 2 शिलिंग साडेसात पेनी. दुसऱ्या नोंदीत साडेपंधरा पेनी, म्हणजे 1 शिलिंग साडेतीन. फेब्रुवारी 1920 मध्ये बाजारातला दर अडीच शिलिंगांच्या वर गेलाच होता, त्यामुळे नोंद अगदी जुळते. वही लिहिणारा माणूस चोख होता.

आणि हो, बँक स्वतःचा नफा ठेवायचीच. पौंड विकताना रुपयाला पेनीचा काही अंश कमी देई. तारेने पाठवायचा भाव वेगळा, मुदतीच्या हुंडीचा वेगळा. त्यामुळे छापील दराशी थोडा फरक निघाला तर गोंधळू नका.

प्रतिसाद 2

'कंट्रोलर ऑफ द करन्सी' म्हणजे सरकारच्या चलन अधिकाऱ्याचे त्या वर्षांचे वार्षिक अहवाल बघा. शिवाय मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत व्यापाराच्या पानावर रोजचे भाव येत. पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय आणि मुंबईला एशियाटिक सोसायटी, दोन्हीकडे आधी फोन करून विचारा.

एक विनंती. 13 रुपये 5 आणे 4 पैचा पौंड या हिशोबाला लावू नका. तो 1 शिलिंग 6 पेनींचा दर, कायद्याने 1927 मध्ये आला. खूप जण 1947 च्या आधीचं सगळं त्यावरच मोजतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. साडेएकतीस आणि साडेपंधरा! दर निम्म्याहून खाली, म्हणून रुपये दुपटीहून वर. धाकट्यांच्या नातवाला आजच फोन करते, ते नागपूरला असतात. त्यांच्याकडे लंडनच्या बाजूची पत्रं असतील तर पन्नास पौंड पोचल्याच्या पावत्याही पुस्तिकेत घालता येतील.