मेरी ॲन निकोल्सची मुलं: जन्मनोंदी गाळायच्या कशा?

प्रश्न: ३१ ऑगस्ट १८८८ला लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये खून झालेल्या मेरी ॲन निकोल्सच्या मुलांचा माग काढतोय. आडनाव इतकं सर्रास की जन्मसूचीत ढीगभर नोंदी निघतात.

उत्तर १: आईचं माहेरचं आडनाव लावा, वॉकर. जुन्या छापील सूचीत ते सप्टेंबर १९११च्या तिमाहीपासूनच आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या (तिथलं सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय) ऑनलाइन सूचीत मात्र थेट १८३७पासून. लग्न १८६४चं, तिथूनच सुरुवात करा.

उत्तर २: वर्कहाउसची, म्हणजे निराधारांना ठेवून घेणाऱ्या गरीबखान्याची, रजिस्टरंही पाहा. 'सेटलमेंट'च्या, म्हणजे गरिबाचा खर्च कुठल्या गावा-वस्तीने उचलायचा याच्या, चौकशीत नवरा, मुलं, जुने पत्ते सगळं येतं. दाखल्यांपेक्षा हेच खरं घबाड!

उत्तर १: बरोबर. आणि शिरगणतीतल्या वयावर विसंबू नका, एकदोन वर्षं इकडेतिकडे होतातच. प्रगणक उतरवून घेताना स्पेलिंगही बदलायचं, म्हणून 'निकल्स'ही शोधा.