मदत हवी आहे: स्पेसर लावल्यावर स्ट्रट खालच्या बोल्टला जुळेना
मंडळी, माझ्या फोर बाय फोर पिकअपचं नाक मागच्यापेक्षा खाली आहे, म्हणून पुढे लेव्हलिंग किट (पुढचा भाग उचलून मागच्याशी समपातळीत आणणारं) बसवतोय. त्यातला स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या एकत्र खांबाच्या, डोक्यावर बसणारा आहे, त्यामुळे स्प्रिंग दाबायची भानगड नाही (खरी भीती तीच होती!). गाडी जॅक स्टँडवर आहे, पुढची दोन्ही चाकं काढलीत, स्वे बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंकही सोडल्यात. पण आता लांब झालेला स्ट्रट खालच्या कंट्रोल आर्मच्या (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या हाताच्या) भोकाशी जुळतच नाही. पहारीने आर्म दाबला, तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणाऱ्या अ‍ॅक्सलचा सांधा) ताणला जातोय. वरचा बॉल जॉइंट (वरचा आर्म चाकाच्या भागाला जोडणारा गोल सांधा) सोडावा का? सोडला तर ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर आधी कुठून मोकळी करायची? आणि आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यावरच पूर्ण आवळायचे ना, आर्मचे रबरी बुश पिळू नयेत म्हणून? अलाइनमेंट नंतर करणारच आहे.