मगर दोघांची, म्हणजे कुणाचीच नाही

दांडियाबाजारकर:
काल आपल्या बडोद्याच्या मगरीवाल्या नदीच्या नावाने 'विश्वामित्री बुद्धिबळ' म्हणून नव्या खेळाची पोस्ट पडली, तिच्याखाली नुसते अंगठे बघून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. नियम असे की चौथी-पाचवी ओळ म्हणजे नदी, मधल्या डी-पाच या घरावर एक मगर, ती दोघांची, ज्याची पाळी त्याने हवं तर आपल्या मोहऱ्याऐवजी ती नदीतच तीन घरांपर्यंत हलवायची, नाहीतर बसल्या जागी शेजारच्या घरातलं मोहरं खायला लावायचं, राजा सोडून. खाल्लं की दोन चाली झोप. वाचायला झकास. रविवारी भाच्याबरोबर खेळलो. सवयीने राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं, पोरट्याने पहिल्याच चालीत ते मगरीला चारलं! दुसऱ्या डावात दोघंही शहाणे, नदीत पाऊलच नाही. मग मी मगर त्याच्या घोड्याशेजारी नेली, त्याने ती परत जागेवर, मी परत नेली, त्याने परत जागेवर. तीनदा तीच स्थिती, बरोबरी. अहो, मगर हलवली की तुमची चाल संपली, सुरी समोरच्याच्या हातात. एवढं दिसलं नाही?

उंटावरचा_शहाणा:
पोस्ट माझीच. चार डाव खेळा मग बोला. चिनी बुद्धिबळात पण मधे नदी आहे, हत्ती ती ओलांडत नाही, तोफ तर एका मोहऱ्यावरून उडी घेऊनच मारते, तिकडे कोणी रडत नाही. तुम्ही मामा-भाचे मगर-मगर करत बसलात त्याला मी काय करू.

शेवउसळ_जादा_तरी:
दोन चाली झोप म्हणजे कुणाच्या दोन?? पन्नास चालींच्या नियमात दोघांच्या पन्नास-पन्नास मोजतात तसं मी दोन-दोन धरलं, हे म्हणाले एकेकाची एक. त्या वादात वांग्याची भाजी करपली. आणि मगर झोपते हे कोणी सांगितलं? २०२४ च्या ऑगस्टात पुराच्या पाण्यात आमच्या सोसायटीत आलेली चांगली जागी होती, आम्ही वर गॅलरीत आणि ती खाली स्कूटरींच्या मधे.

अण्णांची_नात:
नवीन खूळ कशाला, आपलेच नियम विसरलात सगळे. आमचे आजोबा रावपुऱ्यात शेवटपर्यंत देशी खेळले. प्यादं एकच घर, कोट (राजा-हत्ती एकाच चालीत हलवायचे ते) वगैरे नाही, राजाला एकदाच घोड्याची अडीच घरं. प्यादं पार पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं होणार, उठसूट वजीर नाही. समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी, तो अर्धाच विजय. आणि प्यादेमात, म्हणजे प्याद्यानेच मात, केली तर पट तसाच ठेवून शेजाऱ्यांना हाक मारून आणायचे.

कोपऱ्यातला_हत्ती:
आजोबा थोर, नियम भिकार. म्हणजे मी घोड्याच्या पट्टीतून प्यादं जीव काढून नेऊ आणि मिळणार काय, घोडा. एका घोड्याने मात करून दाखवा.

अण्णांची_नात:
म्हणूनच कुठल्या पट्टीत ढकलायचं याला डोकं लागायचं. मीर सुलतान खान याच नियमांवर वाढला, १९२९, ३२ आणि ३३ ला ब्रिटिश अजिंक्यपद, हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. भिकार म्हणे.

कोपऱ्यातला_हत्ती:
आणि ते सगळं कुठल्या नियमांनी खेळून? तिकडचे शिकल्यावरच ने! देशी सुरुवातीमुळे त्याची ओपनिंग कच्ची राहिली हे पण सांगा की.

अण्णांची_नात:
कच्ची ओपनिंग घेऊन तीनदा जिंकला. तुम्ही पक्की घेऊन काय दिवे लावले ते कळवा.

कोपऱ्यातला_हत्ती:
वैयक्तिक होऊ नका. मी शाळेत दुसरा होतो.

दांडियाबाजारकर:
इथे मगरीबद्दल बोलणं चाललं होतं. उंटावरचे, ऐका: समोरच्याने आत्ता हलवलेली मगर लगेच पुढच्या चालीत हलवायची नाही, खायला लावली तर चालेल. म्हणजे मी ती तुमच्या घोड्याजवळ नेली तर घोडा तुम्हालाच पळवावा लागेल. पण माझंही काही तिच्या शेजारी असेल तर ते तुम्ही आधी खाणार, म्हणून मलाही बघूनच ठेवावी लागेल.

उंटावरचा_शहाणा:
हे माझ्या डोक्यात होतंच, लिहायचं राहिलं.

दांडियाबाजारकर:
होतं ना. साष्टांग नमस्कार.

उंटावरचा_शहाणा:
बरं बाबा, घालतो. आजच्या आज. तुमच्या नावाने नाही घालणार. आणि झोप एकेकाची एकच, तेही लिहितो.

शेवउसळ_जादा_तरी:
म्हणजे ह्यांचं खरं. फोन लपवते.